परिषदेत ऐकलेले संशोधन दवाखान्यात कसे उतरवावे?

श्रुतिवेध (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत श्रवणतज्ज्ञ म्हणून स्वतःचा दवाखाना चालवते. शुद्ध स्वरांची तपासणी, इम्पीडन्स (मध्यकर्णाची तपासणी), ओएई (कानातून उलट बाहेर येणारा सूक्ष्म ध्वनी टिपणारी तपासणी) आणि श्रवणयंत्रांचे प्रोग्रामिंग एवढा माझा पसारा असून बेरासाठी, म्हणजे आवाजाला श्रवणचेता आणि मेंदू यांचा मिळणारा प्रतिसाद मोजण्यासाठी, मी रुग्णांना मिरजेला पाठवते. नुकतीच आमच्या व्यवसायाची एक मोठी परिषद झाली आणि तिला मी हजर होते. व्याख्याने उत्तम झाली, विद्यार्थिदशेत ज्यांचे लेख वाचले त्यांना प्रत्यक्ष ऐकता आले, भारतीय पुनर्वसन परिषद या आमच्या नियामक संस्थेच्या नोंदणीसाठी लागणारे गुणही पदरात पडले. मात्र परतून दवाखाना उघडल्यावर प्रश्न पडला तो असा, की जे ऐकले त्यातले नेमके काय आजपासून बदलायचे आणि काय वहीतच राहू द्यायचे.

तीन विषय विशेष लक्षात राहिले. पहिला ‘रिअल इअर’चा, म्हणजे श्रवणयंत्र बसवताना कानात बारीक नळी घालून पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते मोजण्याचा. हे मोजमाप न करता यंत्र देणे म्हणजे अर्धवट काम करणे होय, असे वक्त्यांचे ठाम मत होते. दुसरा विषय श्रवणदोष आणि स्मृतिभ्रंश यांच्या संबंधाचा. त्या सत्राला सभागृहात उभे राहायलाही जागा नव्हती. तिसरा विषय ऑडिओग्राम (श्रवणक्षमतेचा आलेख) अगदी नॉर्मल असूनही गोंगाटात बोलणे कळत नाही अशा लोकांचा, ज्याला हल्ली छुपा श्रवणदोष म्हणतात.

माझ्याकडे रिअल इअरचे उपकरण नाही आणि ते घेणे ही लहान दवाखान्याला जड जाणारी गुंतवणूक आहे. छुप्या श्रवणदोषाची तपासणी म्हणून नेमके काय करायचे हे व्याख्यान ऐकूनही मला उमगले नाही. स्मृतिभ्रंशाचे तर रुग्णच विचारू लागले आहेत. परवा एक निवृत्त शिक्षक मुलासोबत आले होते. दोन्ही कानांना मध्यम स्वरूपाचा दोष आहे, यंत्राचा खर्च करण्याची तयारीही आहे. मुलाने मोबाइलवर आलेला एक मजकूर दाखवला आणि विचारले, “मॅडम, मशीन लावले की बाबांना विस्मरणाचा आजार होणार नाही ना?” परिषदेत इतके ऐकूनही मला त्याला सरळ उत्तर देता येईना. आपल्यापैकी जे अनेक वर्षे अशा परिषदांना जात आहेत, ते हा निवाडा कसा करतात, हे जाणून घ्यायचे आहे.

कर्णिकार (मुंबई)

श्रुतिवेध ताई, मी श्रवणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवतो, त्यामुळे परिषदेहून परतलेल्या मुलांकडून हाच प्रश्न दरवर्षी ऐकतो. आपले तिन्ही विषय एकाच व्यासपीठावरून मांडले गेले असले, तरी त्यांच्यामागचा पुरावा एका पातळीचा नाही. सभागृह तेच, पडदा तोच, टाळ्याही तेवढ्याच, त्यामुळे ऐकणाऱ्याला सगळेच सारख्या वजनाचे वाटते आणि घोळ तिथेच होतो.

स्मृतिभ्रंशाचे आधी घेतो, कारण तिथे रुग्ण आपल्यासमोर बसलेला आहे. या विषयावरचा महत्त्वाचा प्रयोग म्हणजे अमेरिकेतील ‘अचीव्ह’ चाचणी. तिचे निष्कर्ष जुलै २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील अल्झायमरविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले गेले आणि त्याच वेळी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाले. ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ लोकांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला श्रवणयंत्रे आणि समुपदेशन मिळाले, दुसऱ्याला आरोग्यविषयक मार्गदर्शन. तीन वर्षांनंतर सर्वांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा आकलनशक्तीच्या घसरणीत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र यातले काही जण हृदयविकाराच्या एका जुन्या दीर्घकालीन अभ्यासातून आलेले होते. ते वयाने अधिक, त्यांना धोक्याचे घटक अधिक, आणि त्यांच्यात यंत्र मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आणि मोबाइलवरच्या मजकुरांत हा ४८ चा आकडाच फिरतो. आधीचे वाक्य गळून पडते. परिषदेतल्या स्लाइडवरूनही ते कधी कधी गळते, हे मी स्वतः पाहिले आहे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. एप्रिल २०२३ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’ या लाखो लोकांच्या आरोग्याची नोंद ठेवणाऱ्या प्रकल्पाच्या माहितीवर आधारलेला एक लेख आला होता. श्रवणदोष असून यंत्र न वापरणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आणि यंत्र वापरणाऱ्यांमध्ये ते अधिक नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तो जगभर गाजला, असंख्य व्याख्यानांत दाखवला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो लेख मागे घ्यावा लागला, कारण संगणकीय विश्लेषणात यंत्र वापरणारे आणि न वापरणारे हे गटच उलटसुलट नोंदले गेले होते. लेख मागे घेतला गेला तरी व्याख्यात्यांच्या जुन्या स्लाइड कोणी मागे घेत नाही. म्हणून परिषदेत एखादा निष्कर्ष आवडला, तर त्याचा मूळ लेख उघडून त्यावर ‘मागे घेतला’ असा शिक्का तर नाही ना, एवढे तरी पाहण्याची सवय मी विद्यार्थ्यांना लावतो.

राहिला तो शिक्षकांच्या मुलाचा प्रश्न. स्मृतिभ्रंशाविषयीच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोगे १४ घटक सांगितले आहेत आणि श्रवणदोष त्यांत आहेच; स्मृतिभ्रंशाच्या एकूण रुग्णांत त्याचा वाटा ७ टक्के धरला आहे. पण हा संपूर्ण लोकसंख्येचा हिशेब आहे. ‘तुमच्या वडिलांचा धोका ७ टक्क्यांनी कमी होईल’ असा त्याचा अर्थ नाही. मी साधारण असे सांगतो: “बाबांना ऐकू येत नसल्यामुळे त्यांचे बोलणे-चालणे, लोकांत मिसळणे कमी झाले आहे आणि ते यंत्राने सुधारू शकते, त्यासाठी यंत्र घ्या. विस्मरणाचा आजार टळेल अशी हमी आज कोणीही देऊ शकत नाही. ऐकू न येणे हा त्या आजाराच्या धोक्यांपैकी एक मानला जातो आणि काही लोकांमध्ये यंत्राचा फायदा दिसला आहे, एवढेच खरे.” यंत्र घेण्याचे कारण ऐकणे हेच असावे. विस्मरणाच्या भीतीपोटी यंत्र खपवणे मला पटत नाही, मग ती भीती कितीही सौम्य शब्दांत घातलेली असो.

छुप्या श्रवणदोषाबद्दल थोडक्यात. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवले, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी आणि श्रवणचेता यांच्यातील जोडण्या कायमच्या नष्ट होऊ शकतात. शोध फार महत्त्वाचा आहे. माणसांतले अभ्यास मात्र एकमेकांशी जुळत नाहीत आणि एका व्यक्तीत हा दोष आहे की नाही हे सांगणारी सर्वमान्य चाचणी आज आपल्या हाती नाही. तपासणी काय करायची हे आपल्याला उमगले नाही, यात आपले काही चुकलेले नाही. तशी तपासणी अजून नाहीच. असा रुग्ण आला तर त्याची तक्रार मनावर घ्यावी, गोंगाटातील वाक्-आकलन तपासावे, आवाजापासून जपण्याचा सल्ला द्यावा आणि त्या निदानाचे नाव कागदावर लिहू नये.

दूरदेशी (लेस्टर, ब्रिटन)

कर्णिकार सरांशी सहमत आहे. मी मूळची नाशिकची, शिक्षण मुंबईत झाले आणि सध्या येथील सरकारी आरोग्यसेवेत प्रौढांच्या श्रवणयंत्र विभागात काम करते. तीन विषयांपैकी रिअल इअरचा विषय उद्यापासून हाती घेण्याजोगा आहे असे मला वाटते, म्हणून त्यावरच लिहिते.

यंत्र संगणकाला जोडून ऑडिओग्राम भरला, की कंपनीचे सॉफ्टवेअर ‘फर्स्ट फिट’, म्हणजे यंत्राची पहिली आपोआप जुळणी, करून देते. हा हिशेब सरासरी कानावर आधारलेला असतो आणि कंपन्या पुष्कळदा रुग्णाला पहिल्या दिवशी आवाज टोचू नये म्हणून वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम कमी ठेवतात. त्यात आपल्या रुग्णाचा कर्णमार्ग अरुंद असेल, मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा भाग) सैल असेल किंवा घुमटाकार रबरी टोपी नीट बसत नसेल, तर संगणकाच्या पडद्यावर वेगळे आणि कानात वेगळे अशी स्थिती होते. सर्वसाधारण निरीक्षण असे आहे, की २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज लक्ष्यापेक्षा, म्हणजे त्या श्रवणदोषासाठी सूत्राने ठरवून दिलेल्या पातळीपेक्षा, कमी पडतो. ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या व्यंजनांची ओळख जिथे ठरते तो हाच पट्टा आणि त्याच्या वरचा भाग. “आवाज येतो पण शब्द कळत नाहीत” ही तक्रार सांगलीत आणि लेस्टरमध्ये सारखीच ऐकू येते.

यावरचा पुरावा केवळ मतांचा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ जणांनी तीच यंत्रे काही आठवडे फर्स्ट फिटवर आणि काही आठवडे रिअल इअरने लक्ष्याशी जुळवून वापरली. कोणत्या वेळी कोणते प्रोग्रामिंग आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. शांततेतील शब्द ओळखण्यात जुळवलेले प्रोग्रामिंग सरस ठरले आणि बहुसंख्य लोकांनी शेवटी तेच पसंत केले. अभ्यास लहान आहे हे खरे, पण त्याची मांडणी काटेकोर होती.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगते, कारण व्याख्यानात नुसता आलेख दाखवतात आणि आपल्याला ते फार अवघड वाटते. आधी कानात मळ नाही ना हे ओटोस्कोपने पाहायचे. सिलिकॉनच्या बारीक नळीवर प्रौढ स्त्रीसाठी साधारण २८ आणि पुरुषासाठी ३० ते ३१ मिलिमीटरवर खूण करायची. नळी कर्णमार्गाच्या तळाला धरून आत सरकवायची आणि ती खूण कानाच्या तोंडाशी असलेल्या खाचेपाशी आली की थांबायचे, म्हणजे टोक पडद्यापासून पाचेक मिलिमीटरच्या आत येते. मग नळी न हलवता यंत्र बसवायचे. सगळ्यात जास्त सराव याच पायरीला लागतो. यंत्र घालताना नळी आत ढकलली गेली तर रुग्ण दचकतो, बाहेर आली तर वरच्या पट्टीचे मोजमाप कमी दिसते आणि आपण विनाकारण आवाज वाढवून ठेवतो. त्यानंतर लाउडस्पीकरवरून ६५ डेसिबलला आंतरराष्ट्रीय वाक्-संकेत वाजवायचा. सहा भाषांतल्या स्त्रियांच्या आवाजांचे बारीक तुकडे जोडून तो बनवलेला असल्यामुळे बोलण्यासारखा वाटतो पण कोणालाच कळत नाही. माझ्याकडे येणारे गुजराती आजोबा-आजी हटकून विचारतात, की बाई कुठल्या देशाची आहे. आलेखावरची रेषा लक्ष्याच्या साधारण ५ डेसिबलच्या आत येईपर्यंत प्रोग्रामिंग बदलायचे, नंतर हळू आणि मोठ्या आवाजाला तेच पाहायचे. हात बसला की दोन्ही कानांचे काम पंधरा-वीस मिनिटांत होते.

एक छोटी सूचना: लक्ष्यासाठी ‘नॅल-एनएल२’ सूत्र निवडले तर सॉफ्टवेअर रुग्णाची भाषा तानात्मक (चिनीप्रमाणे स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलणारी) आहे का असे विचारते. मराठी तशी नाही, तेव्हा ‘तानात्मक नाही’ हा पर्याय निवडावा. ती खिडकी न वाचता पुढे जाणारे बरेच जण पाहिले आहेत.

ध्वनिसेवा (जळगाव)

वरील सर्वांचा मान राखून थोडे वेगळे लिहितो. मी गेली अनेक वर्षे खानदेशात श्रवणयंत्रे बसवतो आहे. परिषदेत बोलणारे बहुतेक जण महाविद्यालयातील किंवा परदेशातील मोठ्या रुग्णालयातील असतात. त्यांच्या खुर्चीसमोर रुग्ण बसतो तो यंत्राची किंमत दुसऱ्या कोणीतरी दिलेला. माझ्याकडे येणारा शेतकरी एका कानाचे यंत्र हप्त्याने घेतो आणि त्यातही “काही कमी होईल का” असे विचारतो. रिअल इअरच्या उपकरणाचा खर्च मी त्याच्याकडूनच वसूल करणार ना?

शिवाय माझा अनुभव असा आहे, की यंत्र कपाटात पडून राहण्याची कारणे फार साधी असतात. मोल्डची नळी कडक झालेली असते, छिद्रात मळ साचलेला असतो, बॅटरी उलट घातलेली असते, किंवा पहिल्या आठवड्यात आवाज फार वाटला आणि परत दाखवायला यायला एसटीचे भाडे परवडले नाही. यावर परिषदेत सत्र होत नाही. सत्र होते ते नव्या चिपवर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर, आणि सभागृहाबाहेरच्या प्रदर्शनात सर्वांत मोठा मांडव कोणाचा असतो ते आपण सर्वजण जाणतो. प्रायोजकाच्या पैशांवर भरलेल्या परिषदेतून ‘संशोधन’ घरी आणताना थोडे चाळून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे.

कर्णिकार (मुंबई)

यंत्र कपाटात पडून राहण्याची ध्वनिसेवा यांनी दिलेली कारणे अगदी खरी आहेत आणि मोल्ड-मळ-बॅटरी हा विषय परिषदेत न येणे ही आपल्या व्यवसायाची उणीव आहे. पाठपुरावा नसेल तर रिअल इअरने जुळवलेले यंत्रही कपाटातच जाते.

प्रायोजकत्वाबद्दल मात्र सरसकट बोलता येणार नाही. फोनॅक कंपनीने १९९८ मध्ये शिकागोला लहान मुलांच्या श्रवणयंत्रांवर एक परिषद भरवली आणि पुढे तशा अनेक भरवल्या. पैसा कंपनीचा होता, तरीही तिथे स्वतंत्र संशोधकांनी वाचलेले निबंध जगभरच्या बालश्रवणतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे वापरले. मी पाहतो ते वेगळेच: सांगितलेली गोष्ट एकाच कंपनीचे यंत्र घेतल्याशिवाय करता येणार नाही अशी आहे का? रिअल इअर या कसोटीला उतरते, कारण ते कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर, एडिप या अपंगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून मिळालेल्या साध्या यंत्रावरसुद्धा करता येते, आणि सॉफ्टवेअरने केलेला दावा कानात खरा ठरतो की नाही हेच ते तपासते. ज्या कंपनीचा मांडव सर्वांत मोठा असतो तिच्या फर्स्ट फिटचीही त्यात परीक्षा होते.

बालश्रवण (अकोला)

मी जिल्हा पातळीवर बालकांच्या तपासणीचे काम करते. चर्चा यंत्रांभोवती फिरते आहे, म्हणून नवजात बालकांच्या तपासणीचा इतिहास येथे नोंदवते. परिषदेतून दवाखान्यात येणारी वाट किती लांब आणि वळणांची असते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कानातून उलट बाहेर येणारा सूक्ष्म ध्वनी, ज्यावर आपली ओएई तपासणी चालते, तो लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवून दिला. त्यावर दवाखान्यात वापरता येईल असे उपकरण यायला दहा वर्षे गेली. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एक सहमती परिषद घेतली आणि सर्व बालकांची पहिल्या तीन महिन्यांत तपासणी व्हावी, आधी ओएई आणि त्यात न उतरलेल्यांची बेरा, अशी शिफारस केली. त्या वेळी फारच थोड्या रुग्णालयांत अशी सोय होती. पुढच्याच वर्षी बेस आणि पॅराडाइज या अभ्यासकांनी बालरोगशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात कडक टीका केली, की लवकर निदानाने मुलाचा खरोखर फायदा होतो याचा पुरावा कुठे आहे. टीका अनेकांना झोंबली, पण प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर १९९८ मध्ये अमेरिकेतीलच कोलोरॅडो राज्यातून आले. सहा महिन्यांच्या आत निदान झालेली ७२ आणि त्यानंतर निदान झालेली ७८ मुले यांची तुलना केली, तेव्हा पहिल्या गटाची भाषा स्पष्टपणे पुढे होती. तरीही अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवाविषयक कार्यदलाने २००१ मध्ये पुरावा अपुरा म्हटले आणि २००८ मध्ये कुठे शिफारस केली. म्हणजे परिषदेत ठराव झाल्यापासून पुराव्याची बाजू भक्कम मानली जाईपर्यंत पंधरा वर्षे लोटली, आणि त्या काळात टीकाकारांनीही तितकेच काम केले जितके पुरस्कर्त्यांनी.

आपल्या देशातले उदाहरण केरळचे आहे. एर्नाकुलममध्ये बालरोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने २००३ पासून केंद्रीय पद्धतीची तपासणी सुरू झाली. प्रत्येक रुग्णालयाने यंत्र घेण्याऐवजी एक ओएई यंत्र आणि एक प्रशिक्षित कर्मचारी ठरलेल्या दिवशी रुग्णालयारुग्णालयांत फिरतात. दोनदा नापास झालेल्या बालकाला बेरासाठी एका ठिकाणी पाठवतात. परदेशातील शिफारस तशीच्या तशी उचलली असती तर ती खर्चापायीच बुडाली असती. शिफारशीचा गाभा ठेवून तिचा सांगाडा त्यांनी बदलला.

आमच्याकडे अडते ते तपासणीपाशी नाही, पुढच्या पायरीपाशी. ओएईत नापास झालेल्या बाळाची आई सांगितलेल्या तारखेला परत येत नाही, कारण बाळ टाळीच्या आवाजाला वळलेले सासूबाईंनी पाहिलेले असते. आम्ही आता पुढची तारीख लसीकरणाच्या तारखेलाच देतो. ही कल्पना एका छोट्या पोस्टरसमोर उभ्या असलेल्या आशा कार्यकर्तीच्या बोलण्यातून मिळाली. म्हणून माझी श्रुतिवेध ताईंना विनंती आहे, की मोठ्या सभागृहातून वेळ काढून पोस्टरच्या दालनात जरूर फिरावे. आपल्यासारख्याच साधनांत काम करणारे लोक तिथे भेटतात.

श्रुतिवेध (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. शिक्षकांच्या मुलाला कर्णिकार सरांनी सुचवल्याप्रमाणे सांगितले. तो थोडा हिरमुसला, पण वडील स्वतःच म्हणाले, “मला नातवाचे बोलणे कळावे, तेवढ्यासाठी घेतो.” ट्रायल सुरू केली आहे.

एर्नाकुलमचे वाचून एक विचार आला. सांगली, मिरज आणि कोल्हापूर मिळून आम्ही काही श्रवणतज्ज्ञ एकमेकांच्या ओळखीचे आहोत. लॅपटॉपवर चालणारे, उचलून नेता येण्याजोगे रिअल इअरचे उपकरण भागीदारीत घेऊन ते ठरलेल्या वारी फिरवता येईल का, याची बोलणी सुरू करत आहे. ध्वनिसेवा यांच्या मुद्द्यामुळे दुसरेही ठरवले, की यंत्र दिल्यानंतरच्या आठवड्यात रुग्णाला आपणहून फोन करायचा.

मात्र एक गोष्ट अजून अडते आहे. यंत्राचा उपयोग झाला की नाही हे मोजायचे कसे? परिषदेत दाखवलेल्या गोंगाटातील वाक्यांच्या चाचण्या इंग्रजीतल्या होत्या. त्यांचे मराठी करून वापरावे का?

कर्णिकार (मुंबई)

तसे करू नये. चाचणीतील वाक्ये सारख्या अवघडपणाची असावी लागतात, त्यांतील ध्वनींचे प्रमाण भाषेतल्या प्रमाणाशी जुळावे लागते आणि ती ठरावीक आवाजात ध्वनिमुद्रित करून नॉर्मल ऐकणाऱ्यांवर पडताळून पाहावी लागतात. भाषांतराने यातले काहीच टिकत नाही आणि हाती येणाऱ्या टक्केवारीला अर्थ राहत नाही. मुंबईत नायर रुग्णालय, अली यावर जंग संस्था आणि पुण्यात भारती विद्यापीठ येथे या विषयाचे शिक्षण चालते. मराठीत तयार झालेल्या शब्दयाद्यांसाठी तिथल्या शिक्षकांकडे विचारणा करावी. आपल्या दवाखान्यात भिंतीवर आदळून येणारा आवाज आणि बाहेरची रहदारी यांचाही विचार करावा लागेल.

तोवर एक साधन असे आहे, की ज्याला भाषेची अडचण जवळजवळ येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजमध्ये डिलन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली ‘कोसी’ ही पद्धत. यंत्र देण्यापूर्वी रुग्णानेच आपल्याला कुठे ऐकू यायला हवे अशा जास्तीत जास्त पाच जागा सांगायच्या, त्या महत्त्वाच्या क्रमाने लिहायच्या, आणि काही आठवड्यांनी प्रत्येक जागी किती फरक पडला व आता किती वेळा नीट ऐकू येते हे त्यालाच विचारायचे. प्रश्न छापील नसल्यामुळे भाषांतराचा प्रश्न उरत नाही. फक्त उत्तर नेमके लिहून घ्यावे. ‘घरी ऐकू यावे’ असे मोघम लिहिले तर नंतर काही मोजता येत नाही. ‘सून स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा’, ‘सोसायटीच्या सभेत मागच्या रांगेत बसल्यावर’, ‘सांगली स्थानकात गाडीची घोषणा होते तेव्हा’ असे हवे. आपल्या शिक्षकांचा पहिला मुद्दा तर त्यांनी आधीच सांगितला आहे.

दूरदेशी (लेस्टर, ब्रिटन)

कोसीच्या जोडीला ‘आयओआय-एचए’ ही सात प्रश्नांची प्रश्नावली ठेवावी. श्रवणयंत्राचा परिणाम मोजण्याबाबत एकसारखी पद्धत हवी, या विचाराने डेन्मार्कमध्ये एरिक्सहोम येथे जमलेल्या अनेक देशांच्या संशोधकांच्या कार्यशाळेतून ती जन्माला आली. ती जाणूनबुजून इतकी आखूड ठेवली, की कोणत्याही दवाखान्यात दुसऱ्या तपासण्यांच्या जोडीने भरून घेता यावी. दिवसातून किती तास यंत्र घातले, हा तिचा पहिलाच प्रश्न आहे आणि कपाटात पडलेली यंत्रे तिथेच उघडकीला येतात.

कर्णिकार (मुंबई)

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. भागीदारीतले उपकरण आले, तर ते येण्यापूर्वी बसवलेल्या यंत्रांच्या कोसीच्या नोंदी आत्तापासूनच ठेवा, म्हणजे नंतरच्या नोंदींशी तुलना करता येईल. उपकरण आल्यावर सुरुवात केली तर तुलनेला काही उरत नाही. ध्वनिसेवा यांनी जळगावात मोल्ड, मळ आणि बॅटरी यांच्या तक्रारी त्याच पद्धतीने नोंदवल्या, तर दोन्ही मिळून पुढच्या परिषदेला सादर करण्याजोगे काम होईल. फक्त रुग्णांची लेखी संमती पहिल्या भेटीतच घ्यावी आणि जवळच्या एखाद्या महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडे प्रस्ताव आधी पाठवावा, कारण ती मंजुरी मागाहून मिळत नाही.